हेरखात्याची फाईल आणि ग्रॅहम ग्रीनची कादंबरी

मांडवीतीर (धागाकर्ता)

मराठीत हेरकथेचे नाव निघाले की बोलणे लगेच झुंजार, काळा पहाड आणि कॅप्टन दीप यांच्याकडे वळते. ते स्वाभाविकही आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाचनाची सुरुवात शिवण उसवलेल्या त्या पुस्तकांनीच झालेली आहे. परंतु ज्याने स्वतः हेरखात्यात पगारी नोकरी केली आणि त्या नोकरीतला कंटाळा, कागदपत्रे व खोटेपणा यांतून कादंबऱ्या उभ्या केल्या, त्या ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराविषयी येथे स्वतंत्र धागा नव्हता, म्हणून हा प्रपंच. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो : वरिष्ठांना हवा तसा अहवाल कसा तयार होतो आणि त्या अहवालाखाली साधी माणसे कशी चिरडली जातात, हा ग्रीनच्या हेरकथांचा गाभा आहे, आणि तो त्याला कल्पनेतून सुचलेला नाही.

ग्रीनचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी लंडनजवळच्या बर्कमस्टेड या गावी झाला. त्याचे वडील तेथल्याच शाळेत शिक्षक होते व पुढे मुख्याध्यापक झाले. घर आणि शाळा यांच्यामध्ये हिरव्या बनातीने मढवलेले एक दार होते. दाराच्या अलीकडे आईवडील, आणि पलीकडे मुख्याध्यापकाचा मुलगा म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणारे सोबती. घरी काही बोलावे तर सोबत्यांशी बेइमानी आणि गप्प राहावे तर वडिलांशी, अशा पेचात त्या मुलाचा इतका छळ झाला की तो घर सोडून पळाला, आणि १९२१ साली त्याला काही महिने लंडनला एका मनोविश्लेषकाच्या घरी ठेवावे लागले. निष्ठा कोणाशी ठेवायची, हा पुढे प्रत्येक कादंबरीत येणारा प्रश्न त्या दारापाशीच सुरू झाला, असे मला वाटते.

ऑक्सफर्डचे शिक्षण, १९२६ मध्ये कॅथलिक धर्माचा स्वीकार, 'द टाइम्स'मधली उपसंपादकाची नोकरी, १९२९ ची पहिली कादंबरी, हा भाग भराभर ओलांडतो. १९३२ च्या 'स्टॅम्बूल ट्रेन'ने त्याला वाचक मिळाले. त्यानंतर बरीच वर्षे तो आपल्या पुस्तकांचे गंभीर कादंबऱ्या आणि करमणुकीची पुस्तके असे दोन गट पाडत असे. सकाळी उत्तेजक गोळ्या घेऊन सहा आठवड्यांत संपवलेली 'द कॉन्फिडेन्शियल एजंट' (१९३९) ही दुसऱ्या गटातली, तर त्याच दिवसांत दुपारी संथपणे लिहिली जाणारी 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९४०) पहिल्या गटातली. पुढे ही वर्गवारी त्याने स्वतःच सोडून दिली.

१९४१ मध्ये, हेरखात्यात आधीपासून काम करणाऱ्या एलिझाबेथ या बहिणीमुळे तो एमआय-सिक्स या ब्रिटिश हेरखात्यात शिरला आणि १९४२ मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात त्याची नेमणूक झाली. अंगोलाहून येणाऱ्या पोर्तुगीज बोटींवर चोरटे औद्योगिक हिरे आहेत का ते पाहणे आणि शेजारच्या फ्रेंच गिनीतल्या विशी सरकारच्या, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारच्या, हालचालींवर नजर ठेवणे, हे तेथले काम होते. 'द हार्ट ऑफ द मॅटर' (१९४८) मधला पोलीस अधिकारी स्कोबी पोर्तुगीज बोटीची झडती घेतो, तेव्हा कप्तानाने जर्मनीतल्या मुलीला लिहिलेले पत्र त्याला संडासाच्या टाकीमागे सापडते आणि दया येऊन तो ते जाळून टाकतो. कादंबरीतला त्याचा सारा अधःपात या एका कृतीपासून सुरू होतो.

तेथलाच एक प्रसंग ग्रीनने आत्मचरित्रात नोंदवला आहे. फ्रेंच गिनीतल्या कोनाक्रीच्या विमानतळावरील एका इमारतीत रणगाडा ठेवला आहे, अशी खबर त्याच्या एका हस्तकाने आणली. तो हस्तक निरक्षर होता, त्याला दहाच्या पुढे मोजता येत नसे, आणि दुसऱ्या खबरीप्रमाणे त्या इमारतीत जुने बूट साठवलेले होते. ग्रीनने अहवाल पाठवताना हस्तकाच्या या सगळ्या उणिवा मुद्दाम ठळकपणे लिहिल्या. लंडनहून शेरा आला तो मात्र अहवाल अत्यंत मोलाचा असल्याचा. सोळा वर्षांनी आलेल्या 'अवर मॅन इन हवाना' (१९५८) या कादंबरीचे बीज मला या जुन्या बुटांत दिसते.

१९४३ च्या सुरुवातीस तो परतला आणि पोर्तुगालशी संबंधित प्रतिहेरगिरीच्या विभागात बसला. तेथे त्याचा वरिष्ठ किम फिल्बी होता, जो पुढे सोव्हिएत हेर निघाला. १९४४ मध्ये, नॉर्मंडीची चढाई तोंडावर आलेली असताना, ग्रीनने ती नोकरी सोडली. फिल्बीविषयी पुढे बोलूच. जाणकारांनी भर घालावी.

बंदरावरचा

उत्तम धागा. पोर्तुगालचा विभाग म्हटल्यावर आम्हा मुरगांवच्या माणसांच्या कानात वारे शिरणारच. महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ, आणि म्हणूनच 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' व 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन जहाजे आणि 'अन्फोरा' हे इटालियन जहाज आमच्या बंदरात आसऱ्याला येऊन नांगर टाकून बसली होती. एरेनफेल्सवरच्या गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना खबरा जातात, असे इंग्रजांचे म्हणणे होते. तटस्थ बंदरात उघड हल्ला करणे शक्य नव्हते, त्यामुळे कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी दलातल्या मध्यमवयीन व्यापारी साहेबांना गाळ उपसण्याच्या एका संथ बार्जवर चढवून ९ मार्च १९४३ च्या रात्री येथे पाठवण्यात आले. त्यांनी एरेनफेल्सवर चढाई केली, कप्तान मारला गेला, आणि खलाशांनी चारही जहाजे आपल्याच हातांनी जाळून बुडवली. हे प्रकरण १९७८ साली पुस्तकरूपाने बाहेर आले आणि १९८० च्या चित्रपटाचे चित्रीकरणही गोव्यातच झाले.

माझा प्रश्न असा, की ग्रीन त्या सुमारास पोर्तुगालच्याच टेबलावर होता, तर असल्या अस्सल साहसावर त्याने एक ओळही का लिहू नये?

मांडवीतीर

बंदरावरचाबाब, मुरगांवची मोहीम वेगळ्या खात्याची होती आणि ग्रीनचा तिच्याशी संबंध जोडायला आपल्याकडे काहीच आधार नाही, म्हणून त्या दिशेने तर्क लढवू नयेत. पण समजा, ती हकीकत त्याच्या हाती पडली असती, तर चढाईचे वर्णन त्याने दोन परिच्छेदांत उरकले असते असे मला वाटते. बार्जवरून कार्यालयात परतलेला आणि काय झाले ते बायकोलाही सांगता न येणारा एखादा तागाचा व्यापारी त्याने धरला असता, आणि उरलेली कादंबरी त्याच्यावर लिहिली असती.

जुनी_पाने

'अवर मॅन इन हवाना'बद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथल्या अनेकांनी ती वाचलेली नसावी. जेम्स वर्मोल्ड हा हवानामध्ये व्हॅक्यूम क्लीनर विकणारा इंग्रज गृहस्थ आहे. बायको सोडून गेलेली, आणि मुलगी मिली हिला घोडा हवा आहे. हेरखात्याचा माणूस त्याला एका मद्यालयाच्या स्वच्छतागृहात गाठून पगारावर नेमतो. वर्मोल्डला ना हस्तक मिळतात ना गुपिते. मग तो क्लबच्या सभासदांच्या यादीतली नावे उचलतो, त्यांना हस्तक ठरवून त्यांचे मानधन स्वतः घेतो, आणि व्हॅक्यूम क्लीनरचे सुटे भाग प्रचंड आकारात रेखाटून डोंगरातल्या गुप्त लष्करी बांधकामाचे नकाशे म्हणून लंडनला धाडतो. लंडनमध्ये कोणा एकाला त्या चित्रांत व्हॅक्यूम क्लीनर दिसतो, पण तसे बोलण्याची सोय नसते, कारण तोवर सर्वांची प्रतिष्ठा त्या नकाशांत गुंतलेली असते. येथपर्यंत आपण हसत असतो. मग कागदावरच्या हस्तकांच्या नावाची खरी माणसे मरू लागतात.

याचे मूळ केवळ फ्रीटाउनमध्ये नाही. युद्धकाळात लिस्बनमध्ये बसून, इंग्लंडमध्ये पाऊलही न टाकता, तेथल्या काल्पनिक हस्तकांच्या नावाने जर्मनांना खोट्या खबरा विकणारा एक स्पॅनिश माणूस होता. पुढे इंग्रजांनी त्याला आपल्याकडे घेतले आणि 'गार्बो' हे टोपणनाव दिले. पोर्तुगालच्या टेबलावर बसणाऱ्या ग्रीनला लिस्बनचा हा खबऱ्यांचा बाजार चांगलाच ठाऊक होता. फ्रीटाउनमध्ये त्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक ५९२०० होता, आणि तोच त्याने या कादंबरीत वापरला आहे.

आता घरची गोष्ट. पिडे, म्हणजे पोर्तुगीजांचे राजकीय पोलीस, गोव्यात आल्यावर गावोगावी खबरे नेमले गेले. आमचे आजोबा सांगत, की गावातल्या अशाच एका खबऱ्याला दर आठवड्याला काही ना काही कळवावेच लागे, आणि कळवण्याजोगे काही नसले म्हणजे तो देवळातल्या भजनाला आलेल्या मंडळींची यादी देई. एकदा त्या यादीत टाळ वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचे नाव पुढारी म्हणून गेले. पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज, त्याला पहाटे घेऊन गेले, दोन दिवस चौकीवर बसवून ठेवले, आणि तो पूर्णपणे बहिरा आहे हे लक्षात आल्यावर सोडून दिले. पण कागदावरचे नाव त्यानंतरही खोडले गेले नाही, आणि पुढे काही घडले की चौकीची माणसे आधी त्याच्या अंगणात येत. त्यामुळे वर्मोल्डची कथा आमच्या घरी कोणाला अतिशयोक्त वाटली नाही.

काणकोणची सई

ग्रीनचे मोठेपण मान्य करूनही एक आक्षेप नोंदवते. 'द क्वाएट अमेरिकन' (१९५५) या कादंबरीत सायगावमधला थकलेला इंग्रज पत्रकार फाउलर आणि पुस्तके वाचून आशियाचा उद्धार करायला आलेला अमेरिकन पाईल यांच्यामध्ये फुओंग नावाची व्हिएतनामी मुलगी आहे. ती फाउलरकडून पाईलकडे आणि पाईलकडून पुन्हा फाउलरकडे जाते. चिलीम भरून देते, चित्रमासिके चाळते, आणि तिच्या मनात काय आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. निवेदक फाउलर असल्यामुळे हे आंधळेपण त्याचे आहे, असा बचाव नेहमी केला जातो. मला तो अर्धाच पटतो, कारण मेक्सिको असो, हैती असो वा आफ्रिका, ग्रीनच्या कितीतरी कादंबऱ्यांत स्थानिक माणसे गोऱ्या माणसाच्या आत्मपरीक्षणाला पार्श्वभूमी पुरवतात.

गोव्याच्या बाबतीतही मला तसेच वाटते. ग्रीन १९६३ च्या नाताळच्या सुमारास गोव्यात आला होता आणि १९६४ मध्ये 'संडे टाइम्स'मध्ये त्याने गोव्याच्या वेगळेपणावर लेख लिहिला. ते दिवस कोणते होते, हे आठवून पाहा. ९ डिसेंबर १९६३ रोजी पहिली विधानसभा निवडणूक झाली, २० डिसेंबरला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि महाराष्ट्रातील विलीनीकरणाचा वाद घराघरांत पेटला होता. त्या मानाने लेखाचा सूर मला फार हळवा वाटतो.

मांडवीतीर

सईबाय, फुओंगबद्दल तुमचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. फक्त याच कादंबरीचे राजकीय बळ विसरू नये, एवढेच म्हणतो. १९५८ साली हॉलिवूडने तिच्यावर चित्रपट काढला तेव्हा शेवट फिरवून, कादंबरीत बॉम्बस्फोटामागे हात असलेल्या पाईलला निर्दोष ठरवले, आणि ग्रीन त्यावर कमालीचा संतापला. ज्या पुस्तकाचा अर्थ उलटा करावासा वाटतो, ते कोठे तरी नक्की झोंबलेले असते.

गोव्यावरच्या लेखाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. गोव्याचे वेगळेपण केवळ ख्रिस्ती गावांत शोधण्याची सवय परदेशी लेखकांना असते. ग्रीनने तेथे स्पष्ट म्हटले आहे, की हा धर्माचा प्रश्न नाही आणि गोव्यातले हिंदू गावही सीमेपलीकडच्या हिंदू गावाहून तितकेच निराळे ओळखू येते. स्वतः कॅथलिक असलेल्या माणसाने, थोड्या दिवसांच्या मुक्कामात, हे पाहिले, याचे मला कौतुक वाटते. हेरखात्यात काही शिकला असेल तर हे पाहणेच शिकला असावा.

फोंड्याचा वाचक

याच भेटीचा एक धागा पुढे नेतो. त्या मुक्कामात ग्रीनची ओळख मारिया अरोरा कुतो यांच्याशी झाली आणि ती टिकली. १९८८ मध्ये त्यांनी ग्रीनच्या कादंबऱ्यांतील राजकारण आणि धर्म यांवर 'ग्रॅहम ग्रीन : ऑन द फ्रंटियर' हा समीक्षाग्रंथ लिहिला. त्यांचे गोव्यावरचे २००४ चे पुस्तक आपल्याकडे सर्वांना माहीत असते, पण हा ग्रंथ मागे पडला आहे. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही बाजू दिसतात आणि दोन्ही बाजूंचा संशयही सोसावा लागतो, हे गोव्यातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

ग्रीनचे भारताशी नाते त्याहून जुने आहे. आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' इंग्लंडमध्ये सगळीकडून परत आली होती, आणि हस्तलिखिताला दगड बांधून ते थेम्समध्ये बुडव, असे नारायण यांनी तिकडच्या मित्राला कळवले होते. त्या मित्राने ते ग्रीनकडे नेले, ग्रीनने प्रकाशक मिळवून दिला, आणि १९३५ मध्ये पुस्तक निघाले. ज्याला आपण पाहिलेही नाही अशा लेखकासाठी त्याने वर्षानुवर्षे खटपट केली. प्रत्यक्ष भेट व्हायला १९५६ उजाडले.

बंदरावरचा

हे सगळे छान आहे, पण फिल्बीचे काय? सोव्हिएत रशियाला वर्षानुवर्षे गुपिते विकणारा, ज्याच्यामुळे इंग्लंड-अमेरिकेने अल्बानियात गुपचूप उतरवलेली माणसे मारली गेली, तो १९६३ मध्ये बैरूतहून पळून मॉस्कोला जातो, आणि १९६८ मध्ये त्याच्या आत्मचरित्राला ग्रीन प्रस्तावना लिहितो. पुढे १९८० च्या दशकात मॉस्कोला जाऊन त्याची गळाभेटही घेतो. मित्रप्रेम म्हणून हे सोडून द्यायचे काय?

मांडवीतीर

सोडून देऊ नये. एक बारीक दुरुस्ती तेवढी करतो, की फिल्बीने गुपिते पैशासाठी विकली नाहीत, ती विचारसरणीपायी दिली. मेलेल्यांना त्याने काही फरक पडत नाही, हेही खरे. ग्रीनची प्रस्तावना मलाही खटकते, कारण फिल्बीच्या श्रद्धेची तुलना तो पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात छळ सोसणाऱ्या इंग्लिश कॅथलिकांच्या श्रद्धेशी करतो आणि पीडितांचा हिशेब बाजूला सारतो.

परंतु कादंबरीकार ग्रीन प्रस्तावनाकार ग्रीनपेक्षा अधिक प्रामाणिक होता. 'द ह्यूमन फॅक्टर' त्याने सुरू करून बरीच वर्षे बाजूला ठेवली, कारण वाचक तिच्यात फिल्बी शोधतील अशी त्याला धास्ती होती. १९७८ मध्ये ती आली तेव्हा तिच्यातला देशद्रोही फिल्बीसारखा मुळीच नव्हता. मॉरिस कॅसल हा निवृत्तीला आलेला, आफ्रिका विभागातला, बर्कमस्टेडमध्ये, म्हणजे ग्रीनच्याच जन्मगावी, राहून रोज लोकलने कचेरीत जाणारा गृहस्थ आहे. त्याच्या कृष्णवर्णीय बायकोला दक्षिण आफ्रिकेतून सुखरूप बाहेर काढणाऱ्या कम्युनिस्ट मित्राचे ऋण तो माहिती पुरवून फेडतो आहे. खात्याला गळती कळते. संशय येतो तो दारू पिणाऱ्या, अविवाहित, कामाला कंटाळलेल्या डेव्हिस या सहकाऱ्यावर, आणि खटला चालवून बोभाटा होण्यापेक्षा खात्याचा डॉक्टर पर्सिव्हल त्याला शांतपणे विष घालून मारतो. डेव्हिस निरपराध असतो. विष घालण्याचा निर्णय शिकारीच्या सुटीत, जेवणखाण आणि माशांच्या गप्पा चालू असताना होतो, आणि हे ग्रीनने ज्या थंडपणाने लिहिले आहे तो थंडपणा मला त्याच्या सर्व लेखनात सर्वांत भयंकर वाटतो.

शेतकी_अधिकारी

मी साहित्यातला नाही, पण ते विष माझ्या विषयातले आहे. बुरशी आलेल्या भुईमुगातून मिळणारे अफ्लाटॉक्सिन पर्सिव्हल वापरतो. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, त्याचा शोध घेताना ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत आणि तिच्यावरच्या बुरशीपर्यंत शास्त्रज्ञ पोहोचले, आणि हे द्रव्य सापडले. ते यकृत निकामी करते. डेव्हिस पिणारा असल्यामुळे यकृताने दगा दिला असेच सर्वांना वाटेल, हा पर्सिव्हलचा हिशेब वैद्यकीयदृष्ट्या चोख आहे. ओलसर कोठीत ठेवलेले शेंगदाणे काळसर, कडवट लागले तर फेकून द्या, असे आम्ही पावसाळ्यात घसा कोरडा करून सांगतो ते याच द्रव्यामुळे. कादंबरीकाराने पिस्तूल सोडून भुईमूग उचलला, हे वाचून त्याच्याविषयी आदर वाढला.

काणकोणची सई

डेव्हिसच्या मृत्यूविषयी मांडवीतीरबाबांशी मी सहमत आहे. ज्या लेखकाने प्रस्तावनेत पीडितांचा हिशेब टाळला, त्याने कादंबरीत तो डेव्हिसच्या रूपाने मांडला, असे म्हणता येईल. आणि फुओंगच्या तुलनेत कॅसलची बायको सारा कितीतरी जिवंत उतरली आहे. सासूच्या घरी अडकलेली, मुलाला पारपत्र नाही म्हणून नवऱ्यामागे जाऊ न शकणारी ही स्त्री स्वतःचा विचार स्वतः करते. तेवीस वर्षांत ग्रीन काही तरी शिकला, एवढे श्रेय मी देते.

ज्यांना हेरकथा म्हणून पुढे वाचायचे आहे त्यांनी काय वाचावे, हेही कोणी सांगावे. थेट ल कारेकडे जावे काय?

जुनी_पाने

जावे, आणि शक्य तर ग्रीननंतर लगेचच जावे, म्हणजे दोघांतले भांडण कळेल. जॉन ल कारे, मूळ नाव डेव्हिड कॉर्नवेल, हाही हेरखात्यातला. 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' (१९६३) गाजल्यावर १९६४ मध्ये त्याने नोकरी सोडली. फिल्बीबद्दल त्याला अणुमात्र सहानुभूती नव्हती. ज्या १९६८ मध्ये ग्रीनने फिल्बीच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली, त्याच वर्षी ल कारेने पत्रकारांनी लिहिलेल्या फिल्बीवरील पुस्तकाला अतिशय कडक प्रस्तावना लिहिली. पुढे तो मॉस्कोला गेला असताना फिल्बीला भेटण्याची सूचना आली, ती त्याने झिडकारली.

असे असूनही 'द टेलर ऑफ पनामा' (१९९६) या कादंबरीत, काल्पनिक खबरा शिवून विकणाऱ्या शिंप्याची गोष्ट सांगताना, ती 'अवर मॅन इन हवाना'शिवाय सुचली नसती, असे ऋण ल कारेने छापील कबूल केले आहे. या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचाव्यात. बंदरावरचाबाबांनी मात्र 'द ह्यूमन फॅक्टर'पासून सुरुवात करावी आणि फिल्बीचा राग तसाच ठेवून करावी.